घराच्या लिलावानंतर पत पुन्हा उभी करताना

गृहकर्ज थकले, बँकेने घराचा ताबा घेतला आणि लिलावात ते विकले, की कर्जदाराचे नुकसान दुहेरी होते. घर जाते ते सगळ्यांना दिसते. त्याच वेळी त्याच्या नावावरची पतनोंद बिघडते, आणि ते लक्षात यायला बराच काळ जातो. पुढे कधी मुलाच्या शिक्षणासाठी, होडीच्या इंजिनासाठी किंवा दुकानाच्या मालासाठी कर्ज मागायला गेल्यावर अर्ज नाकारला जातो आणि कारण म्हणून जुन्या थकबाकीकडे बोट दाखवले जाते. गेलेले घर बहुधा परत मिळत नाही. पत मात्र परत मिळवता येते. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, पण तिचा भार वर्षागणिक हलका करता येतो. त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो. आधी जुने खाते कागदोपत्री पूर्ण बंद करायचे, मग अहवालातील चुका दुरुस्त करून घ्यायच्या आणि त्यानंतर लहान कर्जे वेळेवर फेडून नवी नोंद तयार करायची.

दक्षिण मुंबईत कफ परेडचे मच्छीमार नगर ही कॅप्टन प्रकाश पेठे मार्गालगतची कोळी वस्ती आहे. घर गमावलेल्या कर्जदाराचा ज्या संस्थांशी संबंध येतो, त्या बहुतेक या वस्तीपासून काही किलोमीटरच्या आत आहेत. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय फोर्टात आहे, कर्जवसुली न्यायाधिकरण कुलाब्यात आहे आणि पतनोंदी ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीचे कार्यालय सेनापती बापट मार्गावर जुन्या गिरण्यांच्या पट्ट्यात आहे. अंतर इतके कमी असूनही या संस्थांचे नियम सामान्य कर्जदाराला ठाऊक नसतात, आणि हे अज्ञान त्याला महागात पडते.

दक्षिण आणि मध्य मुंबईतील कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतील पागडीच्या खोलीवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, कारण पागडीदार खोलीचा मालक नसतो. कोळीवाड्यांतील अनेक घरांचे हक्काचे कागदही अपुरे असतात. म्हणून इथल्या कुटुंबाचे गृहकर्ज बहुधा डोंबिवली, बदलापूर किंवा विरारच्या सदनिकेवर असते. राहणे मूळ वस्तीत आणि तारण दुसऱ्या गावात, अशी स्थिती असल्याने बँकेच्या नोटिसा कुलूपबंद सदनिकेच्या दारावर चिकटवल्या जातात आणि कर्जदाराला त्या वेळेवर दिसत नाहीत. बँकेकडे आपला राहता पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ईमेल बरोबर नोंदवलेला असणे ही या सगळ्या प्रकरणातली पहिली खबरदारी आहे.

थकलेल्या हप्त्यापासून लिलावापर्यंत

हप्ता चुकल्याच्या दिवसापासून बँक थकबाकीचे दिवस मोजते. ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६० दिवसांची आणि ६१ ते ९० दिवसांची थकबाकी अशा तीन पायऱ्या आहेत. ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. एनपीए झालेल्या खात्यात एखादा हप्ता भरला म्हणून ते पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरली, तरच खाते पुन्हा नियमित ठरते.

एनपीएनंतर २००२चा सरफेसी कायदा लागू होतो. या कायद्याने बँकेला दिवाणी दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे. कलम १३(२)खाली बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते. कर्जदाराने त्यावर लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ६० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर कलम १३(४)खाली ताबा घेतला जातो. बहुतेक वेळा आधी दारावर नोटीस लावून सांकेतिक ताबा आणि नंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा घेतात. ताब्याची सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. मुंबईच्या मराठी दैनिकांत रोज छापल्या जाणाऱ्या ‘ताबा सूचना’ या नियमातूनच येतात. विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस देणेही बँकेवर बंधनकारक आहे.

बँकेच्या कारवाईत नियमभंग झाला असेल, तर कलम १७खाली ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मूळ कायद्यात त्यासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्डिया केमिकल्स खटल्यात ८ एप्रिल २००४ रोजी ती रद्द केली. कायद्याची मुख्य चौकट मात्र न्यायालयाने वैध ठरवली.

सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो का, हा महाराष्ट्राच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो निकालात काढला आणि सहकारी बँकाही सरफेसीखाली कारवाई करू शकतात, असे ठरवले. त्यामुळे दादर-गिरगावातील सहकारी बँकेच्या कर्जदारालाही हीच प्रक्रिया लागू पडते.

घर वाचवण्याची शेवटची मुदत कोणती, याविषयीचा महत्त्वाचा निकाल मुंबईतल्याच एका कंपनीच्या प्रकरणात लागला. २०१६च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८)प्रमाणे कर्जदार लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच सगळे देणे भरून मालमत्ता सोडवू शकतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स (मुंबई) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले. लिलाव पुकारला गेल्यावर पैसे जमवून धावाधाव करणाऱ्याला आता हक्क म्हणून घर मागता येत नाही. नातेवाइकांकडून मदत घ्यायची असो की स्वतः गिऱ्हाईक शोधून घर विकायचे असो, ते त्या नोटिशीच्या आतच व्हायला हवे. बँकेच्या संमतीने स्वतः केलेल्या विक्रीत किंमतही सहसा बरी मिळते आणि कर्ज पूर्ण फिटले, तर पतनोंदीचे नुकसानही मर्यादित राहते.

लिलावानंतरही उरणारे देणे

घर गेले म्हणजे कर्ज संपले, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. लिलावातून आलेल्या रकमेतून आधी ताबा आणि विक्रीचा खर्च वजा होतो, मग कर्ज आणि व्याज. काही शिल्लक राहिली, तर कलम १३(७)नुसार ती कर्जदाराला परत मिळायला हवी. रक्कम कमी पडली, तर उरलेले देणे वसूल करण्यासाठी बँक कलम १३(१०)खाली न्यायाधिकरणात किंवा दिवाणी न्यायालयात जाऊ शकते.

समजा, मच्छीमार नगरातील एका कुटुंबाच्या बदलापूरच्या सदनिकेवर नोटीस आली तेव्हा ३० लाख रुपये देणे होते. ताबा आणि लिलावात दीड वर्ष गेले. वर्षाला ९ टक्के दराने त्या काळाचे व्याजच सुमारे ४ लाख होते. घर २८ लाखांना गेले, तर खर्च धरण्याआधीच ६ लाखांची तूट उरते. कुटुंबाच्या लेखी व्यवहार संपलेला असतो, बँकेच्या वहीत मात्र ६ लाखांचे थकीत खाते चालू राहते आणि दर महिन्याला त्याची नोंद पतअहवालात पडत राहते.

लिलावात किंमत किती खाली येऊ शकते, याचे मुंबईतील मोठे उदाहरण विमानतळाजवळच्या किंगफिशर हाउसचे आहे. मार्च २०१६मध्ये त्याची राखीव किंमत १५० कोटी रुपये ठेवली होती आणि एकही बोली आली नाही. अनेक लिलाव फसल्यावर २०२१मध्ये ते ५२.२५ कोटींना विकले गेले. सामान्य सदनिकेची घसरण एवढी टोकाची नसते, पण उतावळ्या विक्रीत भाव पडतो, हे तिथेही खरे आहे.

एक देणे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. लिलाव बँकेने केला तरी कायद्याने विक्री मालकाचीच असते. खरेदी किंमत आणि विक्री किंमत यांच्यात नफा निघत असेल, तर भांडवली नफ्यावरचा प्राप्तिकर मूळ मालकाला लागू होऊ शकतो. म्हणून विक्रीच्या वर्षाचे विवरणपत्र भरताना कर सल्लागाराला लिलावाचे कागद दाखवावेत.

पतअहवालात काय उमटते

भारतात व्यक्तींच्या कर्जाची माहिती जमवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना २०००मध्ये झाली आणि ती पहिली असल्याने लोक स्कोअरलाच ‘सिबिल’ म्हणतात. या कंपन्यांचे कामकाज २००५च्या पतमाहिती कंपन्या कायद्याखाली चालते आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. बँका, गृहवित्त कंपन्या आणि सूक्ष्मवित्त संस्था त्यांना कर्जदारांची माहिती पुरवतात. १ जानेवारी २०२५पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला द्यावी लागते. त्यामुळे चुकलेला हप्ता लवकर उमटतो, तसाच भरलेला हप्ताही लवकर उमटतो.

अहवालात प्रत्येक कर्जासमोर जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा तक्ता असतो. त्यात दर महिन्याला किती दिवसांची थकबाकी होती, ते लिहिलेले असते. त्याशिवाय खात्याची स्थिती नमूद असते, आणि घर गमावलेल्या कर्जदाराने तीच आधी वाचायला हवी. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फिटलेले खाते. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने तडजोड करून कमी रकमेवर मिटवलेले खाते. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून काढलेले कर्ज. अशा कर्जाची वसुली चालूच राहते आणि ते माफ झाल्याचे समजणे घातक ठरते. ‘सूट फाइल्ड’ म्हणजे वसुलीसाठी कायदेशीर दावा झालेला आहे. या चारांपैकी पहिली स्थितीच पुढच्या कर्जाला अडथळा आणत नाही.

स्कोअर ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो. परतफेडीची सवय, कर्जाचा एकूण बोजा, कार्डाच्या मर्यादेचा वापर, कर्जांचे वय आणि अलीकडे केलेले अर्ज यांवर तो ठरतो. ताज्या घटनांचे वजन जास्त आणि जुन्यांचे कमी असते. कर्ज मिळण्यासाठी रिझर्व्ह बँकेने कोणताही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँक आपले निकष स्वतः ठरवते.

कर्जाच्या कागदांवर ज्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांच्या अहवालात ही नोंद येते. कर्ज नवरा-बायकोच्या नावावर असेल, तर दोघांचीही पत बिघडते. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. एका वस्तीत, एका आळीत राहणाऱ्या भावकीत शब्दाखातर जामीन राहण्याची रीत आहे आणि म्हणूनच एका घराच्या लिलावाने दोन-तीन कुटुंबांचे पुढचे कर्ज अडू शकते. सावरण्याची आखणी करताना जामीनदारालाही विश्वासात घेणे हे कर्जदाराचे कर्तव्य आहे.

पहिले काम: जुने खाते बंद करणे

लिलावानंतर लगेच बँकेकडे लेखी अर्ज करून चार कागद मागावेत. विक्रीची रक्कम आणि तारीख, त्यातून वजा केलेला खर्च, एनपीएच्या दिवसापासूनचा संपूर्ण खातेउतारा आणि आज शिल्लक असलेले देणे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. खर्चाच्या किंवा दंडाच्या रकमा अवाजवी वाटल्या, तर त्या लेखी विचाराव्यात. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. हा नियम जुन्या कर्जांनाही २०२४पासून लागू आहे.

तूट निघाली, तर दोन वाटा असतात. पहिली, हप्ते बांधून घेऊन सगळी रक्कम फेडणे. यात वेळ लागतो, पण शेवटी खाते ‘क्लोज्ड’ होते. दुसरी, एकरकमी तडजोड. तडजोडीत रक्कम कमी होते, पण खात्यावर ‘सेटल्ड’ असे उमटते आणि पुढची बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असाच घेते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३च्या चौकटीनुसार तडजोड झालेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जाला यातून सूट आहे. तडजोड हा कर्जदाराचा हक्कही नाही. बँकेला तसे करण्याची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तरीही पूर्ण फेड आवाक्याबाहेर असेल, तर वर्षानुवर्षे थकीत राहण्यापेक्षा तडजोड केव्हाही चांगली. ती करताना बँकेचे मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वसुली एजंटाच्या तोंडी आश्वासनावर किंवा त्याच्या खासगी खात्यात तर एक रुपयाही भरू नये. मंजुरीपत्रात एकूण रक्कम, मुदत, जामीनदाराची मुक्तता, न्यायाधिकरणातील दावा मागे घेण्याची हमी आणि पतमाहिती कंपन्यांना कळवायची स्थिती, या पाचही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पुढे ऐपत आल्यावर सोडलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ करून देण्याची विनंती करता येते आणि काही बँका ती मान्य करतात.

पैसे भरल्यावर ना-देय दाखला घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. त्याच कर्जासाठी विमा पॉलिसी, दुसऱ्या घराचे कागद किंवा इतर तारण दिलेले असेल, तर तेही परत मागावे. पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करून बोजा उतरवणे १ डिसेंबर २०२३पासून बँकांवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

अहवालातील चुका

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत दिला पाहिजे, असा नियम २०१७च्या सुरुवातीपासून लागू आहे. म्हणजे वर्षात चार मोफत अहवाल मिळतात. ते एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एक काढला, तर वर्षभर नोंदीवर लक्ष राहते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

लिलाव झालेल्या खात्यात ठरावीक प्रकारच्या चुका आढळतात. लिलावाची रक्कम जमा होऊनही जुनीच थकबाकी दिसणे, फिटलेले खाते ‘रिटन ऑफ’ राहणे, बँकेने कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकल्यावर तेच कर्ज दोन ठिकाणी चालू दिसणे, मिटलेला दावा तसाच नमूद राहणे. पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंगही तपासावे. एकाच आडनावाची आणि सारख्या नावांची माणसे कोळीवाड्यांत पुष्कळ असतात, त्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढलेले नाही ना, हे पाहणे गरजेचे आहे.

चूक दिसली की पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवावी आणि बँकेलाही ना-देय दाखल्यासह लेखी कळवावे. दुरुस्ती ३० दिवसांत व्हायला हवी. ती झाली नाही, तर २६ एप्रिल २०२४पासूनच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने विनंती फेटाळली, तर कारण सांगणे तिच्यावर बंधनकारक आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. १ सप्टेंबर २०२२पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

ही सगळी प्रक्रिया चुकीच्या नोंदीसाठी आहे. खरी थकबाकी खरीच राहते. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. ‘दोन आठवड्यांत सिबिल साफ करून देतो’ अशा जाहिराती करणारे एजंट जे करतात, ते कर्जदाराला फुकटात करता येते, आणि जे करण्याचे वचन देतात, ते कोणालाच करता येत नाही. शिवाय पॅन, आधार आणि मोबाइलवरचा ओटीपी त्यांच्या हाती गेला, तर आपल्या नावावर नवे कर्ज निघण्याचा धोका असतो. आधीच पोळलेल्या कुटुंबाचे उरलेसुरले पैसे अशा ठिकाणी जाणे ही अतिशय दुःखद गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

नवी नोंद तयार करणे

जुने खाते मिटले की नव्या, वेळेवर फेडलेल्या कर्जाची नोंद सुरू करावी लागते. कर्जच न घेता नुसते थांबून राहिले, तर अहवालात जुनी वाईट नोंद तेवढीच दिसत राहते. पण या टप्प्यावर विनातारण कर्ज मिळणे अवघड असते आणि पाच-सहा ठिकाणी अर्ज केले, तर प्रत्येक चौकशीची नोंद होऊन स्कोअर आणखी उतरतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड. २०,००० रुपयांच्या ठेवीवर बँक त्याहून थोड्या कमी मर्यादेचे कार्ड देते. त्यावर वीजबिल, किराणा यांसारखा महिन्याला ५,००० रुपयांच्या आतला खर्च करावा आणि बिल मुदतीपूर्वी पूर्ण भरावे. मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांहून जास्त वापर करू नये. बिलावरची ‘किमान रक्कम’ भरून बाकी पुढे ढकलली, तर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि पत सुधारण्यासाठी घेतलेले कार्डच नव्या कर्जात लोटते.

दुसरा मार्ग लहान सोनेतारण कर्जाचा. कोळी कुटुंबांत सोने हीच पिढ्यान्‌पिढ्यांची बचत असल्याने हे कर्ज लगेच मिळते. मात्र हप्ता चुकला तर दागिन्यांचाही लिलाव होतो. म्हणून खरी गरज असेल तेव्हाच, लहान रकमेचे आणि ठरलेल्या मुदतीत फेडता येईल असेच कर्ज घ्यावे. बचत गटातून किंवा सूक्ष्मवित्त संस्थेतून घेतलेल्या कर्जाची वेळेवर फेडही उपयोगी पडते. पतसंस्था किंवा भिशी यांच्याशी कितीही चोख व्यवहार केला, तरी तो पतअहवालात येईलच असे नाही. ज्या संस्थेचे हप्ते भरायचे, ती पतमाहिती कंपन्यांना माहिती पुरवते का, हे आधी विचारून घ्यावे.

मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबाने हप्त्याची आखणी हंगामाप्रमाणे करायला हवी. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या बंदरात असतात, पण बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच वळता होतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जाऊन पैसे हातात खेळेपर्यंत दोन-तीन हप्ते सहज चुकतात, आणि तीन हप्ते म्हणजे जवळजवळ ९० दिवस. त्यामुळे ऑक्टोबर ते मे या काळात वेगळे आवर्ती खाते काढून त्यात तीन हप्त्यांची रक्कम साठवावी. जूनमध्ये ती हप्त्याच्या खात्यात टाकावी. कर्ज घेतानाच बँकेला उत्पन्नाचे हंगामी स्वरूप सांगून परतफेडीचे वेळापत्रक तसे मागणे याहूनही चांगले. मच्छीमारांना २०१८-१९पासून किसान क्रेडिट कार्ड मिळू लागले आहे. खेळत्या भांडवलासाठी त्याचा विचार करावा. ते नियमित फेडले, की व्याजात सवलत मिळते आणि नोंदही चांगली होते.

मासळी विकणाऱ्या स्त्रियांचा हिशोबही इथे महत्त्वाचा आहे. बाजारात रोख पैशावर चालणारा त्यांचा व्यवहार अनेक वेळा घराचा मुख्य आधार असतो, पण तो कोणत्याही नोंदीत नसतो. विक्रीचे पैसे नियमाने बँक खात्यात भरले, यूपीआयने घेतले, तर उत्पन्नाचा पुरावा तयार होतो. गृहकर्जात सहकर्जदार नसलेल्या स्त्रीच्या स्वतःच्या नावावर अशी स्वच्छ नोंद उभी राहिली, तर पुढच्या कर्जाच्या वेळी सगळ्या घराला आधार मिळतो.

किती काळ लागतो

याला ठरलेले उत्तर नाही, पण अंदाज बांधता येतो. खाते मिटल्यावर सहा महिने ते वर्षभर वेळेवर फेड झाली, की स्कोअर हलू लागतो. तडजोड केलेल्या कर्जदाराने पहिले १२ महिने त्याच बँकेकडून अपेक्षा ठेवू नये. ३६ महिन्यांचा तक्ता नव्या, नियमित हप्त्यांनी भरला, की अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर वेगळे चित्र उभे राहते. पुन्हा गृहकर्ज मागताना घराच्या किमतीतला स्वतःचा वाटा मोठा ठेवावा, हप्ता उत्पन्नाच्या मानाने लहान ठेवावा आणि जुन्या लिलावाची हकीकत लपवू नये. आजारपण, नोकरी जाणे, होडीचा अपघात असे कारण असेल, तर त्याचे कागद आणि ना-देय दाखला अर्जासोबत जोडावा. बँकेला थकबाकी दिसतेच. ती मिटवली कशी, हे दाखवण्याची जबाबदारी कर्जदाराची असते.

अडचण सुरू होत असतानाच बँकेशी बोलणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. पहिला हप्ता चुकण्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. वसुलीसाठी येणाऱ्यांनाही नियम आहेत. सकाळी ८पूर्वी आणि संध्याकाळी ७नंतर ते कर्जदाराला फोन करू शकत नाहीत, धमकावू शकत नाहीत आणि शेजारीपाजारी बदनामी करू शकत नाहीत. तसे झाले, तर तीही तक्रार लोकपालाकडे करता येते.

घर गमावणे हा गुन्हा नाही आणि त्याची लाज बाळगून कागदांकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडले आहे, त्यांनी या महिन्यात दोन गोष्टी कराव्यात: मोफत पतअहवाल काढावा आणि बँकेकडून आज शिल्लक असलेले देणे लेखी मागावे. पुढची प्रत्येक पायरी या दोन कागदांवरूनच ठरते.